मे महिन्यातला टँकर आणि विहिरीतले सतरा थर

आमच्या विहिरीला आतून जांभ्याचे चिरे लावलेले आहेत, एकावर एक, वीतभर उंचीचे. कठड्यावरून वाकून बघितलं की पाण्याच्या वर किती थर उघडे पडलेत ते मोजता येतं. गणपतीत दोन असतात. दिवाळीत पाच-सहा. शिमग्याला बारा. मेच्या शेवटच्या आठवड्यात सतरा, आणि त्यानंतर पंप पाण्याऐवजी हवा ओढत नुसता घरघरत राहतो.

गाव गुहागर तालुक्यातलं. रस्ता, रस्त्याला लागून घर, घरामागे नारळ-सुपारीचं आगर, मग सुरूचं बन आणि पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. आठ वर्षांपूर्वी आम्ही मागच्या बाजूला चार खोल्या काढल्या आणि पाहुणे घ्यायला लागलो. मागच्या मे महिन्यात दारात टँकर उभा असताना पुण्याच्या एका पाहुण्यांनी विचारलं, "यंदा तुमच्याकडे पाऊस कमी झाला वाटतं?" झाला नव्हता. कमी होतो तेव्हासुद्धा पुण्याच्या तिप्पट असतो. रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्याला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुणे शहरात सातशेच्या आसपास. प्रश्न साधा होता, पण टँकरचा पाइप धरून उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येईना. म्हणून इथे सावकाश देतो.

आधी पाऊस पडतो कधी ते बघू. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतं. पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. म्हणजे वर्षाचा पगार एकदम हातात पडतो आणि खिशाला भोक आहे. हे भोक नक्की कुठे आहे ते कळलं की निम्मा विषय समजला.

गावाच्या डोक्यावर सडा आहे, जांभ्या दगडाचं सपाट पठार. जांभा म्हणजे भोकं भोकं असलेला दगड. पाऊस पडला की पाणी त्याच्या पोटात झिरपतं. त्याच्या खाली पांढरट-पिवळ्या चिकणमातीचा थर असतो, त्यातून पाणी सहजी खाली उतरत नाही. त्याखाली काळा फत्तर. आता तिरप्या धरलेल्या ताटावर चाळणी ठेवा आणि वरून तांब्याभर पाणी ओता. चाळणीतून पाणी खाली जाईल, ताटावर पडेल आणि उताराने कडेला येऊन गळायला लागेल. सड्याचं अगदी हेच होतं. मातीच्या थरावरून पाणी आडवं सरकतं आणि डोंगराच्या पायथ्याला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. पावसाळ्यात पाखाडीच्या कडेने जे डझनभर झरे फुटलेले दिसतात, ते सड्याच्या पोटातून गळणारं पाणीच असतं. बघायला फार सुंदर. डिसेंबरपर्यंत बरेचसे बंद होतात.

नद्यांचंही तसंच. सह्याद्रीचा कडा ते समुद्र हे अंतर पन्नास-साठ किलोमीटरचं, उतार मोठा, त्यामुळे घाटात पडलेलं पाणी दिवसभरात खाडीला मिळतं. आणि खाडी दिसायला कितीही भरलेली दिसली तरी उपयोगाची नसते, कारण भरतीचं खारं पाणी आत खूप लांबवर चढतं. वाशिष्ठीवर चिपळूणजवळचं गोवळकोट हे एके काळी गलबतांचं बंदर होतं, एवढं सांगितलं तरी पुरे. याच वाशिष्ठीत कोयनेची वीज तयार करून झाल्यावर दर वर्षी सुमारे ६७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडलं जातं आणि त्यातलं बहुतेक समुद्राला जातं. त्या पाण्याचं काय करावं यावर आमच्या तरुणपणापासून चर्चा चालू आहे. ती चालू राहो. तोवर आपण विहिरीकडे येऊ.

किनाऱ्यालगतची विहीर देशावरच्या विहिरीसारखी नसते, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

आगरातल्या वाळूखाली दोन पाणी असतात. वर पावसाचं गोडं, खाली समुद्राचं खारं. खारं पाणी किंचित जड असतं, गोड्याच्या १.०२५ पट, म्हणून गोडं पाणी त्याच्यावर तरंगत राहतं. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी गायबेन आणि हर्झबर्ग या दोन अभियंत्यांनी, एक डच आणि एक जर्मन, वेगवेगळा विचार करून एकच हिशोब मांडला. विहिरीतली पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. ऐकायला छान वाटतं. पण हाच हिशोब उलटा वाचा. उपसा करून तुम्ही पातळी वीतभर खाली आणलीत, तर खालचं खारं पाणी आठ-नऊ मीटर वर सरकण्याच्या बेतात येतं. लगेच सरकत नाही; वाळू-खडकातून वाट काढायला त्याला वेळ लागतो, मधे मचूळ पाण्याचा एक पट्टा तयार होतो. पण दिशा ठरलेली असते.

त्यात भर पंपाची. पंप एका जागी जोरात ओढतो, तेव्हा बरोबर त्याच्या खालचं खारं पाणी शंकूसारखं वर उचललं जातं. पूर्वी विहिरींवर रहाट असायचे. बैल नाहीतर रेडा गोल फिरतोय, गाडग्यांतून पाणी पन्हळीत पडतंय, पाटाने आगरात जातंय. दिवसभर शिंपणं चालायचं, पण ओढ हळू असायची आणि विहिरीला श्वास घ्यायला वेळ मिळायचा. आता दोन अश्वशक्तीचा पंप तासाभरात तेवढं काम उरकतो. रहाट परत आणा असं मी म्हणत नाही, रेडा पाळायला आमच्याकडे माणूस नाही. पंप मात्र रहाटासारखा चालवता येतो: वीस मिनिटं चालू, तासभर बंद, पुन्हा वीस मिनिटं. दीडेक हजाराचा टायमर लागतो.

पाणी कमी पडलं की देशावरच्या सवयीने आपण खोल जातो. आमच्या वाडीतल्या एकाने मे महिन्यात बोअर मारली. ऐंशी फुटांवर भरपूर पाणी लागलं, पेढे वाटले गेले, दोन वर्षं त्याच्याकडे पाहुणे शॉवरखाली अर्धा-अर्धा तास उभे राहिले. तिसऱ्या वर्षी डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. चौथ्या वर्षी शेजारच्या काकूंच्या पाच पिढ्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. काकू त्याला काही बोलल्या नाहीत, फक्त एक कळशी भरून त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "चहा कर याचा." विहिरी सगळ्यांच्या सातबाऱ्यावर वेगवेगळ्या असतात. खालचं पाणी एकच असतं.

उलटं उदाहरणही आहे, आणि तेही भर समुद्रात. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. १६६४ साली त्याचं बांधकाम सुरू झालं. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. चारही बाजूंना खारं पाणी, मधे ही गोडी. लोक त्याला चमत्कार म्हणतात. खरं म्हणजे बेटावर पडलेला पाऊस खडकात मुरतो आणि तिथे तोलून राहतो. तिथलं पाणी शतकानुशतकं पोहऱ्याने काढलं गेलं, हेही लक्षात ठेवायला हवं. त्याच बेटाच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर देवबाग आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी जीभ. जमीन जितकी चिंचोळी तितका खालचा गोड्या पाण्याचा साठा पातळ, आणि पर्यटक मात्र तिथेच सगळ्यात जास्त.

आता माणसांचा हिशोब करू.

समजा, गावात १२०० माणसं राहतात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरतात. म्हणजे रोज ६६,००० लिटर. टाकी, पाइप, पंप हे सगळं या आकड्याच्या आसपास बसवलेलं. आता मे महिन्यात गावातल्या लॉज आणि होम-स्टेमध्ये मिळून ४०० पाहुणे उतरले. हॉटेलात राहणाऱ्या माणसासाठी बांधकामाच्या मानकांत रोज १८० लिटर धरतात. चारशे गुणिले एकशे ऐंशी, ७२,००० लिटर. म्हणजे एक अख्खं गाव गावात येऊन उतरलं, आणि योजनेच्या कागदावर ते कुठेच नाही. मेमध्ये मुंबईचे चाकरमानीही घरी येतात, ते आणखी वेगळे. एखाद्याने दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, कमरेच्या वर पाणी येईल एवढा पोहण्याचा तलाव बांधला, तर तो एकदा भरायलाच ७२,००० लिटर लागतात. पुळणीपासून दोनशे पावलांवर पोहण्याचा तलाव कशाला हवा, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, पण पाहुणे बुकिंग करताना विचारतात हे खरं.

आणि हे सगळं नेमकं विहिरीचे बारा ते सतरा थर उघडे पडलेले असताना. टँकर येतो तो दुसऱ्या कुठल्यातरी गावच्या विहिरीतून किंवा नदीतल्या डोहातून भरून येतो. टंचाई मिटत नाही, दहा किलोमीटर सरकते.

मग करायचं काय? पहिलं उत्तर सगळे देतात: छतावरचं पाणी साठवा. हिशोब मोहात पाडणारा आहे. शंभर चौरस मीटरचं छप्पर, ३००० मिलिमीटर पाऊस, वाया जाणारं वीस टक्के वजा केलं तर २,४०,००० लिटर. दहा हजारांचे चोवीस टँकर, फुकट. अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटांवर हाच मार्ग आहे. नद्या नाहीत, पर्यटक भरपूर, म्हणून प्रत्येक घराने छपरावरचं पाणी घराखालच्या टाकीत साठवायचं असा कायदाच आहे. पण तिथे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, टाकी रिकामी होते आणि पुन्हा भरते. आपली टाकी कितीही मोठी बांधली तरी जून-जुलैतच भरते आणि पुढचं पाणी पागोळ्यांतून वाहून जातं. ती टाकी मग आठ महिने पुरवायची असते. सगळ्या गरजेला पुरेल अशी टाकी बांधायची तर घर लहान आणि टाकी मोठी होईल.

म्हणून टाकीकडून थोडंच मागावं. आमच्याकडे घरचे चार आणि पाहुणे आठ, बारा माणसं. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दहा लिटर पुरतात. एप्रिल-मेचे ६१ दिवस, रोज १२० लिटर: ७,३२० लिटर. दहा हजार लिटरची टाकी झाली की दोन महिने पिण्याच्या पाण्याची काळजी मिटली. टाकी जूनमध्ये भरायची नाही. पहिल्या पावसात कौलांवरचा पालापाचोळा, पक्ष्यांची घाण, शेवाळ सगळं येतं. छप्पर तीन महिने धुऊन निघू दे, आणि गणपतीनंतरच्या पावसात भरा. झाकण घट्ट, उजेड आत जाता कामा नये, तोंडाला डासांची जाळी. पिण्याआधी गाळून उकळायचं. एवढं पथ्य पाळलं तर पाणी मेपर्यंत टिकतं.

विहिरीचं आयुष्य वाढवायचं ते ऑक्टोबरात. पावसाळ्यात विहिरीत पाणी सोडून फारसं साधत नाही, ती आधीच काठोकाठ असते. खरी वेळ दसऱ्यानंतरची: पाऊस थांबलेला, पण व्हाळ, म्हणजे ओढा, अजून वाहता. तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून व्हाळ आडवला, म्हणजे वनराई बंधारा घातला, की पाणी मागे तुंबतं, दोन्ही काठांत मुरतं आणि आसपासच्या विहिरींना काही आठवड्यांची उसंत मिळते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दगड आणि प्लास्टिकच्या कापडाचा कोकण विजय बंधारा सुचवलेला आहे, तोही याच जातीचा. वाडीतली वीस माणसं एका रविवारात हे काम उरकतात. अडचण एकच. बऱ्याच ठिकाणी बंधारे जानेवारीत घातले जातात, फोटो छान येतात, आणि तोवर व्हाळाला करंगळीएवढी धार उरलेली असते. एका व्हाळावर एक मोठा बंधारा घालण्यापेक्षा वरपासून खालपर्यंत पाच-सहा लहान बरे. आणि मेअखेरीस गोण्या काढून घ्यायच्या, नाहीतर पहिल्या पुरात त्या आगरात येऊन पडतात.

सड्यावर जुन्या चिरेखाणी आहेत, त्यांचं दुहेरी आहे. चिरे काढले म्हणजे पाणी धरणारा दगडच काढून नेला, हे नुकसान. पण खाण खालच्या चिकणमातीपर्यंत गेली असेल तर तिच्यात पाणी थांबतं, आणि नसेल तर जाड प्लास्टिक अंथरून थांबवता येतं. गावाच्या डोक्यावर, उतारावरच तयार तळं. तिथून पाणी आगराच्या शिंपण्याला उतरवलं की खालच्या विहिरींवरचा भार कमी होतो. फक्त कुंपण घाला. गुरं आणि पोरं दोन्ही पडतात.

पाहुण्यांकडून पाणी कसं वाचवायचं याबद्दल मी आधी पाट्या लावल्या होत्या. कोणी वाचत नाही. जे उपाय पाहुण्याच्या लक्षातही येत नाहीत तेच चालतात. समुद्रावरून आलेल्या माणसाला अंगाची वाळू घालवायला पाच मिनिटं शॉवर लागतो. आगराच्या दारात एक नळ आणि दगडी डोण ठेवली, तिथेच पाय-अंग धुऊन मग आत यायचं, आणि ते पाणी थेट माडांच्या आळ्यात. जुन्या संडासाची टाकी एका वेळी दहा लिटर सोडायची, नवी दोन बटणांची तीन किंवा सहा सोडते. चादरी रोज बदलत नाही. न्हाणीचं पाणी तर पूर्वीपासून केळी आणि अळवालाच जायचं. आम्ही मधे पाइप टाकून ते शोषखड्ड्यात सोडण्याचा शहाणपणा केला होता, तो मागे घेतला. शोषखड्ड्याचं निघालं म्हणून सांगतो: खोल्या वाढल्या की संडास वाढतात, आणि वाळूत मैलापाणी फार लवकर लांब जातं. खड्डा विहिरीपासून जितका लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला असेल तितकं चांगलं. नाहीतर पाणी उरेल, पण पिता येणार नाही.

विहीर खारट व्हायला लागली आहे का, हे जिभेला उशिरा कळतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेनाएवढं टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आकड्यापेक्षा चढण बघायची. मार्चमध्ये ३०० आणि एप्रिलमध्ये ४५० दिसलं, तर पंप निम्म्यावर आणायचा.

समुद्राचं पाणी गोडं करण्याची यंत्रं आहेत, पण हजार लिटरला तीन-चार युनिट वीज खातात आणि मागे उरलेलं दुप्पट खारट पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न ठेवतात. मोठ्या शहराला परवडेल. आमच्या ग्रामपंचायतीला आहे त्या पंपाचं वीजबिल भरताना घाम फुटतो.

कायदा मात्र बऱ्यापैकी आहे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायला मनाई केलेली आहे. भरतीरेषेलगतच्या पट्ट्यात भूजल उपशावर सीआरझेडचे, म्हणजे किनारी पट्ट्यासाठीच्या नियमांचेही निर्बंध आहेत. पण गाड्या रात्री येतात, बोअर मारून पहाटे जातात, आणि मारून घेणारा आपल्याच भावकीतला असतो. तिथे कायद्यापेक्षा ग्रामसभेत उघडपणे ठेवलेला हिशोब जास्त कामाला येतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि ते दर वर्षी पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात. आम्ही तीन हजारवाले. आम्हाला मोजायची कधी गरज वाटली नाही. आमच्याकडे पिकांच्या जागी खाटा मोजाव्या लागतील. गावात पाहुण्यांच्या खाटा किती, मेमध्ये विहिरी किती देऊ शकतात, आणि फरक निघाला तर कोणी किती खोल्या बंद ठेवायच्या. शेवटचा मुद्दा बैठकीत काढला की लोकांना अचानक घरची कामं आठवतात, हे अनुभवाने सांगतो.

म्हणून यंदा आम्ही सोपी सुरुवात केली. वाडीतली सात घरं. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकाने आपल्या विहिरीचे उघडे थर मोजायचे आणि देवळाच्या सभामंडपात टांगलेल्या वहीत लिहायचे, शेजारी टीडीएसचा आकडा. बोअरवालाही लिहितो, पहिल्या महिन्यात त्याने लिहिलं नव्हतं. एक एप्रिलला आमच्याकडे तेरा थर उघडे होते, मागच्या वर्षी याच दिवसांत चौदा मोजल्याचं आठवतं. काकूंकडे पंधरा, मीटरवर ६८०. त्यांनी मेमधली दोन बुकिंग आमच्याकडे वळवलीत आणि टायमर कुठून घेतला ते विचारून गेल्यात.